धारेला मान

“सुरी माझ्याकडं दे,” व्हर्लिन म्हणाला.

“का? आधी भोपळा चिरला जातो की माझं बोट, हेच बघायला आलायस ना? मग बस आणि बघ.”

व्हर्लिन खुर्ची ओढून बसला. आर्लिसनं तळव्याखाली भोपळा फिरवला. देठ हाताला लागला तशी ती थांबली. देठाच्या शेजारी तिनं सुरीचं टोक टेकवलं आणि मुठीनं वरून एकदाच दाबलं. कर्र आवाज झाला, आणि भोपळ्याच्या दोन वाट्या टेबलावर डुलत राहिल्या.

“दोन सारख्या झाल्या की नाही, सांग.”

“झाल्या,” व्हर्लिन नाइलाजानं म्हणाला.

तिच्या समोरचं जग पुसलं गेलं होतं, कडेचं तेवढं उरलं होतं. माणूस समोर आला की त्याचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. घड्याळाचे आकडे दिसत, काटे दिसत नसत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हे असंच राहील, कमी होणार नाही आणि संपूर्ण जाणारही नाही. तेव्हा आर्लिस म्हणाली होती, “म्हणजे माझ्यासारखंच.”

ती त्र्याहत्तर वर्षांची होती. लग्न राहून गेलं होतं. एकतीस वर्षं तिनं गावाबाहेरच्या चीज फॅक्टरीत हौदाशी उभं राहून काढली आणि त्या पगारातून टेकडीच्या पायथ्याचं हे घर घेतलं. घरात एक माणूस, मागे सहा कोंबड्या. आणि दर ऑक्टोबरात भोपळ्याच्या बीअरचा एक बुधला. गावात आगीचा बंब चालवणारी माणसं बिनपगारी. शेतकरी, मास्तर, गॅरेजवाला, ज्याला भोंगा ऐकू येईल तो धावतो. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या हॉलमध्ये साऱ्या गावाचं जेवण असतं, आणि एकोणीस वर्षं त्या जेवणाला आर्लिसची बीअर होती.

व्हर्लिन तिचा धाकटा भाऊ. सारा जन्म विम्याच्या कंपनीत गेला. गारपिटीनंतर छपरांवर चढायचं, आगीनंतर राखेत फिरायचं, नुकसान किती ते वहीत लिहायचं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी वरच्या खिशातली वही सुटली नव्हती. आज वहीमागे घडी घातलेला एक कागदही होता. शहरात म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत एक खोली रिकामी झाली होती, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. फोनवर दोघांचं ठरलं होतं, ठरलं म्हणजे उघड बोलणं झालं नव्हतं, पण ठरलं होतं. बीअरचा एक दिवस व्हर्लिन समोर बसणार. जड उचलायचं असेल तर उचलणार, बाकी हात लावणार नाही. आर्लिसला दिवस निभावला तर कागद खिशातच राहील. नाही निभावला, तर सही.

“भोपळे छान आहेत,” व्हर्लिन म्हणाला. “लहान आहेत पण.”

“लहानच लागतात. अंगणात डोळे-तोंड कोरून ठेवतात तो भोपळा दिसायला थोराड, आत नुसतं पाणी. काही माणसं असतात ना, तसा.”

“माझ्याकडं बघून बोलू नकोस.”

“मला कुठं दिसतंय कोणाकडं बघतेय ते!”

व्हर्लिनला हसू आलं. “कुठून आणलेस?”

“ऑस्टबीच्या मळ्यातले.”

“कोणी आणून दिले?”

“आले,” आर्लिस म्हणाली आणि भट्टीचं दार उघडून तिनं वाट्या आत सरकवल्या. दार जरा जोरातच लागलं.

भोपळा भाजत होता तोवर तिनं अंगणातल्या शेडमध्ये शेगडी पेटवली. सकाळी पावसाची सर येऊन गेली होती, पत्र्यावरून अजून थेंब ओघळत होते. पाणी खळखळू लागलं, तशी ती मापाचा जग घेऊन नारिंगी पिंपाशी उभी राहिली. मैदानावर खेळणाऱ्या पोरांना पाणी पाजायला असतं तसलं जाड भिंतींचं पिंप, तळाशी जाळी आणि तोटी.

“पाच मापं उकळतं, दोन मापं विहिरीचं,” ती मोजत ओतत गेली. “विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तेच, हिवाळ्यात तेच. तिच्याइतकं स्थिर डोकं आपल्या घराण्यात कोणाचं नाही. बघ तुझ्या त्या काडीनं.”

व्हर्लिननं थर्मामीटर बुडवला. “एकशे पासष्ट फॅरनहाइट.”

“लिही वहीत.”

तिनं पाणी झाकून ठेवलं. आता यात मोड आणून वाळवलेल्या जवाचा भरडा पडायचा, भाजका भोपळा पडायचा, आणि दोन्हींबरोबर भाताचं तूस. भोपळा शिजला की खळीसारखा होतो. भरड्यात मिसळला की तळाच्या जाळीवर चिकट थर धरतो, तोटी गपकन बंद होते आणि आत गोड रस अडकून बसतो. तुसाला ना चव ना वास. ते फक्त मध्ये मध्ये पडून राहतं आणि रसाला वाट ठेवतं. आर्लिस शेडच्या भिंतीशी गेली. तिसऱ्या खिळ्याकडे हात नेला.

खिळा रिकामा होता.

तिनं दुसरा चाचपला. चौथा चाचपला. खाली वाकून जमिनीवर हात फिरवला. तुसाची पिशवी तिनं स्वतः टांगली होती, तिसऱ्या खिळ्यावर, मंगळवारी. की मंगळवारी नव्हे? डोळे गेल्यापासून तिनं प्रत्येक वस्तूला जागा दिली होती आणि जागा पाठ केली होती. पाठांतरच गेलं, तर मग राहिलं काय?

“काय शोधतेस?” व्हर्लिननं विचारलं.

“तूस. पिशवी होती इथं. भाताचं तूस.”

व्हर्लिननं खिशातली वही काढली. मग म्हणाला, “ठेवलं असशील कुठंतरी. विसरली असशील.”

वहीचं पान उलटल्याचा आवाज झाला. पेन्सिल चालली.

आर्लिस खिळ्याला हात लावून तशीच उभी राहिली. मागे कोंबड्या उकरत होत्या. सर्र, सर्र, सर्र. तिनं मान वळवली. पेंढा उकरला की आवाज लांबट येतो, काडी काडीला घासते. हा आवाज तसा नव्हता. हा बारीक होता, सुका, वाळूसारखा.

तिनं खिळ्यावरचा हात काढला. सकाळी ती कपडे बदलत होती तेव्हा व्हर्लिन लवकर येऊन शेड झाडत होता. “जरा हात फिरवला,” म्हणाला होता. त्याचा हात कुठं कुठं फिरला ते आता तिला ऐकू येत होतं. खुराड्यातलं तूस परत काय उचलायचं? कोंबड्यांनी त्याचं जे करायचं ते केलं असणार.

तिनं हातमोजे घातले आणि छाटणीची कात्री उचलली.

“चल. टेकडीवर जायचंय.”

“आता? पाणी गार होईल.”

“जाड पिंप आहे, आणि मी जाड डोक्याची. आजी काय अंथरायची पिंपात, आठवतं?”

“मी पाच वर्षांचा होतो, आर्लिस. मला फक्त तिचा चमचा आठवतो. पाठीवरचा.”

“जुनिपरच्या डहाळ्या. नॉर्वेहून येताना तिनं काय आणलं नसेल, पण ही एक अक्कल आणली. तेव्हा तूस कोण विकत होतं?”

कुरणाच्या वरच्या अंगाला, जिथं माती संपून वाळू लागते, तिथं झुडपं होती. आर्लिस पायवाटेनं पुढं, व्हर्लिन धापा टाकत मागं. त्यानं कात्री मागून घेतली, एक हिरवीगार डहाळी कापली आणि तिच्या हातात दिली. आर्लिसनं हातमोजा काढून तिच्यावरून अंगठा फिरवला.

“हा नव्हे. हा मऊ आहे, खवल्याखवल्यांचा. हा लाल देवदार, कपाटात कपड्यांबरोबर ठेवायला बरा. बीअरमध्ये घातला तर बंबवाले माझ्यावरच पाणी मारतील.” ती खाली वाकली. जमिनीलगत पसरलेल्या झुडपात तिनं उघडा हात घातला आणि चटकन मागं घेतला. बोटावर रक्ताचा ठिपका होता. “हा बघ. तीन तीन सुया एका जागी. हा बोचतो. हाच.”

उतरताना ती गुणगुणत होती. आजी हे तिच्या भाषेत म्हणायची. आर्लिसला ते शब्द अर्धेच आठवत, अर्धे तिनं स्वतःचे घातले होते.

*खाली अंथर काटा गं, वर अंथर धान,*
*ओढू नको धार बाई, धारेला दे मान,*
*येईल तशी येऊ दे गं सोनियाची तान.*

शेडमध्ये आल्यावर तिनं पिंपातलं पाणी परत पातेल्यात काढलं. डहाळ्यांवर उकळतं पाणी ओतून त्या धुतल्या, तळाच्या जाळीवर उभ्या-आडव्या अंथरल्या, पक्षी घरटं बांधतो तशा. शेडभर रानाचा वास सुटला. पाणी जरा तापवून पुन्हा ओतलं. मग भरडा, मुठी मुठीनं. मग भाजलेला भोपळा. कडा जळून गोड झालेल्या, गर नुसता खचलेला.

“चाळणीतून काढू का? गुठळ्या राहिल्यात,” व्हर्लिन म्हणाला.

“राहू दे. लोण्यासारखा केलास की तो लोण्यासारखाच बसतो. बोटांनी कुस्करायचा, बास.” तिनं लाकडी वल्ह्यानं तळाला न लागता ढवळलं आणि हात पिंपाच्या वर धरला. “एकशे बावन्न.”

व्हर्लिननं पाहिलं. “एकशे त्रेपन्न.”

“थर्मामीटर जुना झालाय तुझा.”

तासभर ते तसंच झाकून ठेवायचं होतं. दोघांनी स्वयंपाकघरात बसून लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी खाल्ली, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. शेवटची एक ताटलीत उरली. व्हर्लिन म्हणाला, तू घे. आर्लिस म्हणाली, तू घे. तिसऱ्यांदा तिनं ती मधोमध फाडली. खिशातल्या कागदाविषयी कोणी बोललं नाही. कॉराली, म्हणजे व्हर्लिनची बायको, सकाळी त्याला गाडीनं इथं सोडून गेली होती, पाच वाजता न्यायला येणार होती.

आर्लिस हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा डबा काढायला कोठीत गेली, आणि तेवढ्यात शेडमधून पाण्याचा आवाज आला. पडणारं नव्हे, धावणारं पाणी.

“व्हर्लिन! तोटी सोडलीस?”

“म्हटलं, तेवढंच काम पुढं...”

“पूर्ण?”

उत्तर द्यायची गरज राहिली नाही. धावता आवाज बारीक झाला. मग थेंब. मग थेंबामागं थेंब, मग एक थेंब, आणि मग काहीच नाही.

आर्लिस पिंपाशी आली तेव्हा व्हर्लिन हातात वल्हं घेऊन उभा होता. “ढवळू का? एकदा खालून...”

“हात लावलास तर आजीचा चमचा शोधून आणीन.”

त्यानं वल्हं खाली ठेवलं. “बिघडलं का गं?” तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच विम्याचा माणूस नव्हता, पाठीवर चमचा खाल्लेलं पोर होतं.

“बसलंय. बिघडलेलं नाही. माणूस बसला म्हणजे मेला का?” तिनं तोटी बंद केली. “एकदम सोडलीस की वरचं सगळं वजन एकदम खाली येतं. भोपळा, भरडा, सगळे दाराशी गर्दी करतात आणि कोणीच बाहेर पडत नाही. फॅक्टरीत नव्या पोरी असंच करायच्या. दही दाबायच्या, म्हणजे पाणी लवकर सुटेल. दाबलेलं दही पाणी आतच धरून ठेवतं.”

तिनं रबरी नळी तोटीला जोडली, दुसऱ्या टोकाला नरसाळं लावलं आणि ते व्हर्लिनच्या हातात दिलं. “वर धर. डोक्याच्या वर. आज तुझी उंची पहिल्यांदा कामाला आली.” तोटी किंचित उघडून ती नरसाळ्यात गरम पाणी ओतत गेली, थोडं थोडं. पाणी नळीतून उलटं, खालून वर चाललं. तिनं कान पिंपाला लावला. आत कुठंतरी डहाळ्यांमधून एक बुडबुडा वर चढला. मग दुसरा. मग सगळा थर, झोपलेल्या गाईनं कूस बदलावी तसा, जड श्वास टाकून जागचा हलला.

“उठला,” आर्लिस म्हणाली.

वीस मिनिटं दोघं नुसते बसून राहिले. तिला घाई नव्हती आणि त्याला आता धीर नव्हता. मग तिनं तोटी उघडली, इतकी कमी की व्हर्लिनला वाटलं उघडलीच नाही. सुतळीएवढी धार आली. पहिले दोन जग गढूळ निघाले. ते तिनं ताटलीवरून ओघळवत हलकेच परत वर सोडले. तिसरा जग तिनं उजेडात धरला नाही, कानाशी धरून हलवला, मग त्याच्या हातात दिला.

“कसा आहे?”

“स्वच्छ,” व्हर्लिन म्हणाला. “मधासारखा. तळ दिसतोय.”

“मग येऊ दे त्याला.”

धार तास-सव्वातास चालली. एकदाही तुटली नाही. वरून गरम पाण्याचा शिडकावा देत ती उभी होती. पुढं रस उकळला, हॉप्स पडले, शेवटच्या पाच मिनिटांत दालचिनी, थोडं जायफळ, दोनच लवंगा. “भोपळ्याच्या बीअरमध्ये भोपळा कळला पाहिजे, मसाल्याचं दुकान नव्हे.” तांब्याच्या नळीच्या गुंडाळीतून विहिरीचं पाणी फिरून रस निवला, गाळून काचेच्या बुधल्यात उतरला. वर यीस्ट पडलं.

बुधल्याच्या गळ्याला बूच बसवताना व्हर्लिन म्हणाला, “आर्लिस.”

“हं.”

“ते तूस. सकाळी मीच टाकलं. खुराड्यात. मला वाटलं, नुसता कोंडा, उंदीर होतील.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“खिळा रिकामा लागला, त्यानंतर लगेच. कोंबड्यांनी चहाडी केली.”

“मग बोलली का नाहीस? मी इकडं वहीत लिहिलं, वस्तू कुठं ठेवली आठवत नाही म्हणून. लिहिताना मला कळलंही होतं. तरी लिहिलं.”

“तू सांगतोस का, ते बघत होते. दिवसभर काय फक्त तूच बघायला बसला होतास?”

व्हर्लिननं वही काढली. एक पान फाडलं, चुरगाळलं. मग घडीचा कागद काढला. “हाही शेगडीत घालतो. निभावलंस. माझ्याशिवाय निभावलंस. खरं म्हणजे मी असूनही.”

“थांब,” आर्लिस म्हणाली. “पाहणी पुरी झाली नाही अजून.”

ती त्याला शेडच्या मागं घेऊन गेली. मेपलखाली तिचा जुना ट्रक उभा होता. तिनं व्हर्लिनचा हात मनगटाशी धरला आणि उजव्या चाकावरच्या पत्र्यावर ठेवला.

व्हर्लिनची बोटं आपोआप चालू लागली. चाळीस वर्षांची सवय. खोलगट जागा, कड, खरवडलेला रंग. “लाकडी खांब,” तो म्हणाला. “वेग फारसा नाही. ताजं आहे.” मग त्याचा हात थांबला. “तू चालवतेस?”

“मागच्या मंगळवारपर्यंत चालवत होते. मागच्या रस्त्यानं, हळू, खडीच्या आवाजावर. भोपळे कोणी आणून दिले विचारलंस ना? मी आणले. ऑस्टबीची टपालपेटी होती ती. उतरून सांगितलं त्याला. तो म्हणाला, जाऊ दे, ऊन डोळ्यावर आलं असेल. ढग होते, व्हर्लिन. ऊन नव्हतं.”

व्हर्लिननं पत्र्यावरचा हात काढून घेतला.

“त्या पेटीशी त्याची नात उभी राहते, शाळेच्या बसमधून उतरून. रोज तीन वाजता. त्या दिवशी दोन वाजले होते.” तिनं एप्रनच्या खिशातून किल्ली काढली. आधीच काढून ठेवलेली असावी, कारण शोधावी लागली नाही. “घर मी देणार नाही. घर मला पाठ आहे. रस्ता पाठ होत नाही, त्यावर रोज कोणी नवं उभं असतं. हा ट्रक घेऊन जा. आज. आत्ता.”

किल्ली त्याच्या तळव्यावर पडली. त्यानं मूठ लगेच मिटली नाही.

“दाणापाणी?” तो म्हणाला. “डॉक्टर?”

“तू येशील.”

“दर शनिवारी येतो.”

“ये. फक्त काही झाडू नकोस.”

त्यानं कॉरालीला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मग निरोप झाला, त्या गावात होतो तसा, तीन वेळा. दारात एकदा, पायऱ्यांवर एकदा, ट्रकच्या खिडकीशी एकदा. शेवटी इंजिन सुरू झालं. आर्लिस ते ऐकत उभी राहिली. फाटकाशी गिअर बदलला, पुलावरच्या फळ्या वाजल्या, पलीकडच्या चढावर आवाज जड झाला आणि वळणाआड विरला.

ती मेपलखाली गेली. पावलांखाली भिजलेली पानं होती, मऊ, गप्प. मग एकदम पाऊल कोरड्या, घट्ट मातीवर पडलं. ट्रक उभा असायचा तेवढी जागा, ना पाऊस लागलेली ना पान पडलेलं. ती तिच्या कडेनं एक फेरी फिरली. लांबीला सात पावलं, रुंदीला तीन.

वारा सुटला. वर फांद्यांतून काहीतरी सुटून खाली येऊ लागलं.

आर्लिस बाजूला झाली आणि पानांना जागा करून दिली.